वसतिगृहातील सही आणि संविधानाची मर्यादा

विद्यालयाच्या स्मरणिकेत आठवणींना मानाचे स्थान असणे स्वाभाविक आहे. पहाटेची वंदना, रांगेत उभे राहून घेतलेले जेवण, परीक्षेच्या दिवसांत एकाच दिव्याखाली बसून केलेला अभ्यास आणि सुट्टीत घरी जाताना पिशवीत जपून नेलेले गुणपत्रक यांविषयी अन्य माजी विद्यार्थी आमच्यापेक्षा अधिक सुंदर लिहितील. आम्ही मात्र वाचकांची क्षमा मागून एका रुक्ष वाटणाऱ्या विषयाकडे वळतो. माणसांवर करावयाच्या वैद्यकीय संशोधनासाठी शासनाने जनतेचा पैसा आणि जनतेची यंत्रणा कोणत्या अटींवर वापरावी, आणि भारताचे संविधान त्यास कोठे अडवते, हा तो विषय होय. तो न्यायालयांचा व शास्त्रज्ञांचा आहे, आपला नव्हे, असे प्रथमदर्शनी वाटेल. परंतु या प्रश्नाचा सर्वांत वेदनादायक अध्याय आपल्या देशात घडला तो वसतिगृहांत आणि आश्रमशाळांत. म्हणूनच तो निवासी शाळेच्या स्मरणिकेत मांडणे आम्हांस आवश्यक वाटते.

आमच्यापैकी अनेकांच्या प्रवेश अर्जावर आईचा किंवा वडिलांचा अंगठा आहे. त्या एका अंगठ्याने त्यांनी आपले मूल संस्थेच्या स्वाधीन केले. त्यानंतर शिष्यवृत्तीचा अर्ज असो, सहलीची परवानगी असो वा आरोग्य तपासणी असो, सही गृहपालांची किंवा मुख्याध्यापकांची झाली. त्यात काही वावगे नव्हते. तो विश्वासाचा व्यवहार होता. पण या विश्वासाला मर्यादा कोठे येते? मुलाच्या शरीरावर संशोधन करण्याची अनुमती त्या पहिल्या अंगठ्यात सामावलेली असते काय? आमचे उत्तर स्पष्ट नकाराचे आहे, आणि हा नकार संविधानातूनच निघतो असे आम्ही मानतो.

खम्ममची कहाणी

2009 च्या जुलै महिन्यात तत्कालीन आंध्र प्रदेशातील आणि आता तेलंगणात असलेल्या खम्मम जिल्ह्यात 10 ते 14 वर्षे वयाच्या मुलींना एचपीव्ही ही लस देण्याचा एक प्रकल्प सुरू झाला. हा विषाणू गर्भाशयमुखाच्या कर्करोगास कारणीभूत ठरतो. पाठोपाठ गुजरातेतील वडोदरा जिल्ह्यातही तसाच प्रकल्प हाती घेण्यात आला. पाथ ही अमेरिकेतील संस्था, भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद म्हणजेच आयसीएमआर आणि दोन्ही राज्यांची शासने त्यात सहभागी होती. लशी बहुराष्ट्रीय औषध कंपन्यांनी पुरविल्या होत्या. दोन्ही जिल्ह्यांत मिळून वीस हजारांहून अधिक मुलींना लस टोचण्यात आली. त्यांत आदिवासी, दलित आणि गरीब घरांतील मुलींचा भरणा मोठा होता, आणि खम्मममधील अनेक मुली वसतिगृहांत राहणाऱ्या होत्या.

सात मुलींच्या मृत्यूच्या बातम्या आल्यावर 2010 च्या एप्रिलमध्ये केंद्र शासनाने हा प्रकल्प थांबविला. चौकशीत या मृत्यूंचा लशीशी संबंध आढळला नाही, हे प्रथमच नमूद केले पाहिजे. अर्धवट माहितीवर भीती पसरविणे हा अधर्मच होय. परंतु चौकशीत जे दुसरे सत्य बाहेर आले, त्याने आम्हांस अधिक अस्वस्थ केले. संसदेच्या आरोग्यविषयक स्थायी समितीने आपला 72 वा अहवाल ऑगस्ट 2013 मध्ये सादर केला. त्यातील एक आकडा प्रत्येक वसतिगृहाच्या कार्यालयात लिहून ठेवावा असा आहे. आंध्र प्रदेशातील तपासलेल्या 9,543 संमतिपत्रांपैकी 1,948 वर अंगठे होते, आणि 2,763 पत्रांवर चक्क वसतिगृहाच्या प्रमुखांच्या सह्या होत्या. म्हणजे दर दहा मुलींमागे जवळजवळ तीन मुलींसाठी निर्णय आईने घेतला नाही, वडिलांनी घेतला नाही आणि मुलीला तर कोणी विचारलेच नाही.

त्या गृहपालांना आम्ही खलनायक ठरवू इच्छित नाही. वरून शासनाची सूचना आली, सरकारी डॉक्टर आले, लसीकरणाच्या पत्रावर राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाचे बोधचिन्ह होते. एखादा गृहपाल याहून वेगळे काय समजणार? नेहमीची पोलिओची मोहीम असते तशी ही एक मोहीम, असेच त्यास वाटले असेल. नेमका येथेच दोष आहे. नियमित लसीकरण आणि अभ्यासासाठी केलेले लसीकरण यांत जे अंतर असते ते सरकारी शिक्क्याने पुसून टाकले. एकात मूल हे सेवेचा लाभार्थी असते, तर दुसऱ्यात ते अभ्यासाचा विषय बनते. अभ्यासाचा विषय होण्यास नकार देता येतो, हे सांगितले गेले नाही, तर संमती या शब्दास काही अर्थच उरत नाही.

लस चांगली, मार्ग चुकीचा

काही वाचक विचारतील की लस वाईट होती काय. नव्हती. एचपीव्ही लस जगातील अनेक देशांत दीर्घकाळ दिली जात आहे आणि जागतिक आरोग्य संघटना तिची शिफारस करते. 2022 मध्ये पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने बनविलेल्या सर्व्हाव्हॅक या भारतीय लशीस औषध महानियंत्रकांनी मान्यता दिली. आपल्या मुलींना ती मिळावी असेच आमचे मत आहे. गर्भाशयमुखाचा कर्करोग भारतीय स्त्रियांमध्ये आढळणाऱ्या प्रमुख कर्करोगांपैकी एक आहे, आणि तपासणीची सोय नसलेल्या गरीब स्त्रीस तो उशिरा कळतो.

पण म्हणूनच खम्ममची हानी दुहेरी आहे. मुलींच्या अधिकाराची पायमल्ली झाली ही पहिली हानी. दुसरी अशी की, एका उपयुक्त लशीभोवती संशयाचे दाट धुके उभे राहिले आणि ते विरण्यास अनेक वर्षे लागली. नीती बाजूला सारून विज्ञान वेगाने पुढे जाते, असा एक समज आहे. अनुभव त्याच्या उलट आहे. ज्या आईचा अंगठा न विचारता वापरला जातो, ती पुढच्या वेळी चांगल्या लशीलाही दार उघडत नाही.

संविधान कोठे अडवते

भारताच्या संविधानात वैद्यकीय संशोधनाच्या निधीवर थेट मर्यादा घालणारा एकही अनुच्छेद नाही. उलट, शासनाच्या खर्चाचे अधिकार विस्तृत आहेत. अनुच्छेद 282 नुसार केंद्र वा राज्य कोणत्याही सार्वजनिक प्रयोजनासाठी अनुदान देऊ शकते, आणि खासदार निधीच्या संदर्भातील 2010 च्या निर्णयात सर्वोच्च न्यायालयाने या अनुच्छेदाचा अर्थ व्यापकपणेच लावला. अनुच्छेद 114 व 266 प्रमाणे संचित निधीतून एक रुपयाही कायद्यावाचून काढता येत नाही, ही पहिली मर्यादा. महालेखापरीक्षकांचे लेखापरीक्षण ही दुसरी. परंतु या दोन्ही मर्यादा पैशाच्या हिशेबाच्या आहेत. पैसा नियमानुसार खर्च झाला आणि तरीही माणसाचा अपमान झाला, तर त्यांचा उपयोग नाही.

खरी मर्यादा मूलभूत हक्कांच्या भागात आहे. अनुच्छेद 21 जीविताचे व व्यक्तिगत स्वातंत्र्याचे संरक्षण करतो, आणि न्यायालयांनी त्यात प्रतिष्ठेचा व स्वतःच्या शरीरावरील अधिकाराचा समावेश केला आहे. अनुच्छेद 14 समानतेचे आश्वासन देतो. महानगरातील महागड्या शाळेच्या मुख्याध्यापकाने पालकांना न विचारता तीनशे मुलींच्या संशोधन-संमतीवर सही केली असती काय? केली असती तर दुसऱ्या दिवशी काय झाले असते? या प्रश्नाचे उत्तर प्रत्येक वाचकास ठाऊक आहे. भद्राचलमच्या वसतिगृहात जे चालते ते महानगरात चालत नसेल, तर समानतेचा भंग तेथेच सिद्ध होतो. यास अनुच्छेद 39 (च) मधील बालकांच्या शोषणापासूनच्या संरक्षणाचे आणि अनुच्छेद 46 मधील अनुसूचित जाती-जमातींच्या हितरक्षणाचे मार्गदर्शक तत्त्व जोडावे, म्हणजे चित्र पूर्ण होते.

येथे एक आक्षेप येतो. खम्ममचा मुख्य खर्च तर शासनाचा नव्हता. मग शासकीय निधीची मर्यादा त्यास कशी लागू व्हावी? आमचे म्हणणे असे की निधी म्हणजे केवळ रोकड नव्हे. सरकारी परिचारिकेचा वेळ, प्राथमिक आरोग्य केंद्रातील शीतपेटी, शाळेची खोली, अधिकाऱ्याचे परिपत्रक, आणि या सर्वांहून मोलाचा असा शासनाच्या नावावरचा लोकांचा विश्वास, ही सारी जनतेची संपत्ती आहे. ती एखाद्या अभ्यासास दिली की त्या अभ्यासावर संविधानाची सर्व बंधने येतात. खासगी पैसा आणि सरकारी यंत्रणा यांच्या संगमावर उत्तरदायित्व बुडून जाऊ नये.

जगाचा अनुभवही हेच सांगतो. अमेरिकेत 1932 पासून 1972 पर्यंत, तब्बल चाळीस वर्षे, सरकारच्या सार्वजनिक आरोग्य सेवेने अलाबामा राज्यातील टस्कीगी येथे सुमारे सहाशे कृष्णवर्णीय पुरुषांवर एक अभ्यास चालविला. त्यांतील 399 जणांना सिफिलिस झाला होता. त्यांना आजाराचे खरे नाव सांगितले नाही. पेनिसिलिन उपलब्ध झाल्यावरही ते दिले नाही. आजार शरीरात कसा वाढतो हे पाहावयाचे होते. हे उघडकीस आल्यानंतर 1974 मध्ये तेथे कायदा झाला, आणि माणसांवरील संशोधनास सरकारी पैसा हवा असेल तर नैतिक समितीची पूर्वसंमती बंधनकारक ठरली. राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी क्षमा मागितली ती 1997 मध्ये. शेतमजुरी करणारे, अल्पशिक्षित, डॉक्टरांपुढे मान खाली घालणारे ते लोक आपल्या आजोबा-पणजोबांहून फार वेगळे नव्हते.

त्याच देशात मानवी भ्रूणापासून मिळणाऱ्या मूलपेशींच्या संशोधनास सरकारी पैसा द्यावा की नाही, यावर मोठा वाद झाला. 2001 मध्ये राष्ट्राध्यक्ष बुश यांनी त्यावर कडक अटी घातल्या, 2009 मध्ये ओबामा यांनी त्या सैल केल्या, आणि त्याविरुद्धचा दावा अनेक वर्षे न्यायालयात चालला. तेथील वाद भ्रूणाच्या नैतिक स्थानाविषयी होता. आपल्याकडे जन्मास आलेल्या, चालत्याबोलत्या, शाळेत जाणाऱ्या मुलीचे नैतिक स्थान अद्याप कागदावर नीट उमटलेले नाही, हा फरक आम्हांस विचारात पाडतो.

न्यायालयाचे पाऊल

खम्ममचा प्रश्न कल्पना मेहता व इतरांच्या याचिकेद्वारे सर्वोच्च न्यायालयापुढे गेला. त्यातून एक वेगळाच घटनात्मक मुद्दा उपस्थित झाला: संसदीय समितीचा अहवाल न्यायालयात आधार म्हणून वापरता येतो काय? 9 मे 2018 रोजी पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने निर्णय दिला की अशा अहवालाची दखल न्यायालय घेऊ शकते. मात्र अहवालाच्या वैधतेस तेथे आव्हान देता येत नाही. हा निर्णय आम्हांस महत्त्वाचा वाटतो. गरीब पालकाकडे पुरावा गोळा करण्याची साधने नसतात. संसदेने गोळा केलेले सत्य त्यास न्यायालयात नेता येणे म्हणजे लोकशाहीच्या एका अंगाने दुसऱ्या अंगास हात देणे होय.

दरम्यान इंदूरच्या स्वास्थ्य अधिकार मंचाच्या याचिकेमुळे औषध चाचण्यांवरील देखरेख कडक झाली. नुकसानभरपाईचे नियम आले, आणि 2019 मध्ये नवीन औषधे व चिकित्सालयीन चाचणी नियम लागू झाले. आयसीएमआरच्या 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार मुलांच्या बाबतीत पालकांची संमती तर हवीच, शिवाय सात वर्षांवरील मुलाचा स्वतःचा होकारही हवा. बारा वर्षांनंतर तो लेखी हवा. कागदावर ही प्रगती निश्चितच मोठी आहे. पण कागद वसतिगृहाच्या दारापर्यंत पोहोचतो की नाही, हे पाहणे आपल्या हाती आहे.

श्रद्धा, विज्ञान आणि तिजोरी

मर्यादेची दुसरी बाजू अधिक नाजूक आहे. अनुच्छेद 27 नुसार एखाद्या विशिष्ट धर्माच्या संवर्धनासाठी खर्चावयाचा कर देण्याची सक्ती कोणावरही करता येत नाही. 1976 च्या 42 व्या दुरुस्तीने आलेला अनुच्छेद 51 क (ज) वैज्ञानिक दृष्टिकोन व जिज्ञासा यांचा विकास करणे हे नागरिकाचे कर्तव्य ठरवितो. या दोहोंच्या प्रकाशात गेल्या काही वर्षांतील घटना पाहाव्यात. 2020 च्या फेब्रुवारीत केंद्राच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाने देशी गाईंच्या उत्पादनांच्या औषधी व अन्य उपयोगांवरील संशोधनासाठी प्रस्ताव मागविले, तेव्हा पाचशेहून अधिक वैज्ञानिकांनी ते मागे घेण्याची विनंती केली. त्यांचा आक्षेप संशोधनास नव्हता. गाईच्या उत्पादनांत विशेष गुण आहेत हे आधीच गृहीत धरून पुरावा शोधण्यास निघणे, यास त्यांचा आक्षेप होता. 2021 मध्ये ऋषिकेशच्या एम्समध्ये कोविडच्या वीस रुग्णांवर गायत्री मंत्र व प्राणायाम यांच्या परिणामाची चाचणी त्याच विभागाच्या साहाय्याने हाती घेण्यात आली.

हे घटनाबाह्य आहे काय? न्यायालयांकडून सोपे उत्तर मिळण्याची आशा करू नये. विद्यापीठ अनुदान आयोगाने ज्योतिष हा विषय विद्यापीठांत शिकविण्यास निधी देण्याचे ठरविले, तेव्हा ज्येष्ठ वैज्ञानिक पुष्प भार्गव सर्वोच्च न्यायालयात गेले. 2004 मध्ये न्यायालयाने ती याचिका फेटाळली. असे निर्णय तज्ज्ञ मंडळांवर सोपवावेत, असा त्याचा आशय होता. 2011 च्या हज अनुदानावरील निर्णयात अनुच्छेद 27 चा भंग होण्यासाठी कराचा लक्षणीय भाग विशिष्ट धर्मावर खर्च झाला पाहिजे, असे सांगण्यात आले. म्हणजे छोट्या रकमा या चाळणीतून सहज निसटतात.

याचा अर्थ असा की ही सीमारेषा न्यायालय आखणार नाही. ती संसदेस, विद्यापीठांस आणि सुजाण नागरिकांस आखावी लागेल. आमची कसोटी साधी आहे. ज्या संशोधनाचे उत्तर 'नाही' असे येऊ शकते आणि तसे आले तर ते तितक्याच मोकळेपणाने प्रसिद्ध होईल, त्यास शासनाने पैसा द्यावा, मग विषय कोणत्याही परंपरेतील असो. ज्यात उत्तर आधीच ठरलेले आहे त्यास संशोधन म्हणू नये; तो प्रचार होय, आणि त्यासाठी करदात्याचा पैसा वापरणे अनुच्छेद 27 च्या शब्दांत बसो वा न बसो, त्याच्या आत्म्याशी विसंगत आहे.

आपल्यासाठीही तोच मापदंड

आता आम्ही जे म्हणणार आहोत ते काही बांधवांना रुचणार नाही. शासनाच्या ज्या योजनांतून योगावर संशोधन होते त्यांतूनच ध्यानावरही होते. इगतपुरीच्या विपश्यनेविषयी आपल्याला आत्मीयता आहे; महाराष्ट्रातील अनेक शाळांत मुले आनापान करतात आणि त्याचा लाभ झाल्याचे शिक्षक सांगतात. उद्या विपश्यनेने रक्तदाब उतरतो किंवा व्यसन सुटते हे दाखविण्यासाठी शासनाने निधी दिला, तर आपण टाळ्या वाजविणार की तीच कसोटी लावणार? दुसऱ्याच्या मंत्रास जो प्रश्न विचारला तो आपल्या ध्यानास विचारला नाही, तर आपला वैज्ञानिक दृष्टिकोन हा केवळ दुसऱ्याला मारावयाचा दगड ठरेल.

तथागतांनी केसपुत्ताच्या कालामांना जो उपदेश केला तो आपण भाषणांत नित्य सांगतो: परंपरा आहे, ग्रंथात आहे किंवा गुरूने सांगितले आहे एवढ्यावरून काही स्वीकारू नका. त्या उपदेशातून बुद्धाने स्वतःलाही वगळले नव्हते. म्हणून आम्ही म्हणतो की ध्यानावरील संशोधन अवश्य व्हावे, शासकीय निधीतूनही व्हावे, पण तुलनेसाठी दुसरा गट ठेवून, निष्कर्ष काहीही येवो तो प्रसिद्ध करण्याच्या हमीसह, आणि वसतिगृहातील मुलांना बसवून त्यांची मोजमापे घेताना त्यांच्या आईवडिलांना विचारून व्हावे. आपल्या घरचे काम म्हणून ही अट शिथिल होत नाही.

नकार हे उत्तर नव्हे

हे सर्व वाचून एखादा पालक म्हणेल, मग संशोधनच नको. आमच्या मुलांना हात लावू नका. हा निष्कर्ष आम्हांस मान्य नाही, आणि त्याचे कारण आपल्याच घरांत आहे. विदर्भातील अनेक कुटुंबांना सिकलसेल हा शब्द नवा नाही. नागपूर, चंद्रपूर, गडचिरोली, गोंदिया या भागांतील आदिवासी, बौद्ध आणि अन्य समाजांत हा आनुवंशिक आजार मोठ्या प्रमाणात आढळतो. तपासणीनंतर कोणाच्या कार्डावर एएस येते, कोणाच्या एसएस. एएस म्हणजे वाहक. त्यास सहसा त्रास नसतो, पण दोन वाहकांचा विवाह झाल्यास प्रत्येक अपत्यास आजार होण्याची शक्यता चारात एक असते. एसएस असलेल्या मुलाच्या हाडांत उठणारी कळ ज्या आईने रात्रभर जागून पाहिली आहे, तिला संशोधन नको असे म्हणण्याचा अधिकार आम्हांस नाही.

1 जुलै 2023 रोजी शासनाने राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू केले. सात कोटी लोकांची तपासणी आणि 2047 पर्यंत निर्मूलन हे त्याचे उद्दिष्ट आहे. 2023 च्या अखेरीस ब्रिटन आणि अमेरिकेत या आजारावरील जनुक-संपादनाच्या उपचारास मान्यता मिळाली. अमेरिकेत त्याची किंमत सुमारे 22 लाख डॉलर, म्हणजे आपल्या पैशांत अठरा कोटी रुपयांच्या घरात. दिल्लीतील आयजीआयबी ही सरकारी संशोधन संस्था स्वदेशी आणि स्वस्त उपचारावर काम करीत आहे. जनुकांत हस्तक्षेप करावा की नाही, हा वादाचा विषय आहेच. आयसीएमआरच्या 2019 च्या मार्गदर्शक तत्त्वांनी रुग्णाच्या शरीरपेशींवरील उपचारास वाट ठेवून पुढील पिढ्यांत उतरणाऱ्या बदलास मनाई केली आहे, ती आम्हांस योग्य वाटते. पण हे संशोधन सार्वजनिक पैशातूनच झाले पाहिजे. बाजारावर सोडले तर ते अठरा कोटी मोजणाऱ्यासाठी होईल.

म्हणजे येत्या काळात संशोधक आपल्याच वस्त्यांत, आपल्याच वसतिगृहांत येणार आहेत, आणि ते यावेत अशीच आपली इच्छा आहे. प्रश्न इतकाच की ते आले तेव्हा आपण कोण असू. खम्ममच्या मुलींसारखे मोजले जाणारे आकडे, की प्रश्न विचारणारे नागरिक? ज्याच्या कार्डावर एएस लिहिले आहे त्या मुलीचे लग्न मोडू नये म्हणून तिची माहिती गुप्त राहील काय, हा प्रश्न दिल्लीतील प्रयोगशाळेस सुचणार नाही. तो आपल्यालाच विचारावा लागेल.

आपल्या संस्थेने काय करावे

या निमित्ताने संस्थेच्या व्यवस्थापनासमोर आणि माजी विद्यार्थ्यांसमोर आम्ही काही सूचना ठेवतो. पहिली, संस्थेने ठराव करावा की संशोधनाच्या कोणत्याही संमतिपत्रावर मुख्याध्यापक वा गृहपाल पालकांच्या वतीने सही करणार नाहीत, परिपत्रक कोणाचेही असो. दुसरी, पालकांना बोलावून, त्यांच्या बोलीत, मजकूर मोठ्याने वाचून दाखवावा, विचार करण्यास वेळ द्यावा आणि प्रत त्यांच्या हाती ठेवावी. अंगठा हा अज्ञानाचा पुरावा नव्हे. समजून दिलेला अंगठा न समजता केलेल्या सहीपेक्षा श्रेष्ठ आहे. तिसरी, मुलास स्वतंत्रपणे विचारावे, आणि नकार दिला म्हणून त्याच्यावर रोष ठेवू नये. चौथी, माजी विद्यार्थ्यांत आज डॉक्टर, वकील, परिचारिका आणि प्राध्यापक आहेत. त्यांची एक छोटी समिती असावी. तिने संशोधकास नैतिक समितीची मान्यता, भारतीय चाचणी नोंदवहीतील क्रमांक, पैसा कोणाचा, विमा कोणाचा आणि अपाय झाल्यास भरपाई कोण देणार हे लेखी विचारावे. उत्तर न मिळाल्यास माहितीचा अधिकार आहेच.

यासाठी फारसा पैसा लागणार नाही. लागेल ती थोडी निर्भयता, आणि सरकारी गाडी दारात उभी असताना 'थांबा, आधी आईला विचारू' असे म्हणण्याचे बळ.

25 नोव्हेंबर 1949 रोजी संविधान सभेत बाबासाहेबांनी इशारा दिला होता की राजकीय समता आणि सामाजिक विषमता यांच्या विसंगतीत आपण प्रवेश करीत आहोत. ज्या मुलीस अठराव्या वर्षी मतपत्रिकेवर निवडीचा अधिकार मिळणार आहे, तिला बाराव्या वर्षी स्वतःच्या दंडात टोचल्या जाणाऱ्या सुईविषयी कोणी विचारत नाही, ही त्याच विसंगतीची एक आवृत्ती आहे.

अतिसाराने ग्रस्त होऊन एकाकी पडलेल्या एका भिक्खूस तथागतांनी आनंदाच्या साहाय्याने स्वतः धुऊन स्वच्छ केले, ही विनयातील कथा आपण लहानपणी याच विद्यालयात ऐकली. त्या भिक्खूजवळ जाताच त्यांनी प्रथम त्याला विचारले की तुला काय होत आहे आणि तुझी काळजी घेणारा कोणी आहे काय. सेवेच्या आधी त्यांनी विचारपूस केली. शासनाच्या तिजोरीतून होणाऱ्या प्रत्येक संशोधनाने हाच क्रम पाळावा एवढेच संविधानाचे मागणे आहे, आणि आपल्या वसतिगृहाच्या दारात तो पाळला जातो की नाही, हे पाहण्याचे काम आपले आहे.

जय भीम.